टेलच्या रुग्णाला आवर्तन कधी?

नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. त्या पाण्याने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना ऊस दिला. उसाने कारखाने दिले. कारखान्यांनी शाळा, महाविद्यालये, पतपेढ्या आणि अखेरीस राज्याच्या राजकारणातले वजनही दिले. त्याच कालव्याने येथील शेतकऱ्याच्या तोंडी एक इंग्रजी शब्द कायमचा बसवला. तो शब्द म्हणजे ‘टेल’. कालव्याच्या मुखाशी ज्याची जमीन आहे त्याला पाणी मागावे लागत नाही. टेलच्या शेतकऱ्याला मात्र पाटबंधारे खात्याने आवर्तन जाहीर केल्याची तारीख आणि स्वतःच्या चारीत पाणी दिसल्याची तारीख यांमधले अंतर वर्षानुवर्षे मोजावे लागले आहे. इंदापूरच्या बावीस गावांनी शेतीच्या पाण्यासाठी केलेला आक्रोश ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच सिंचनाच्या व्यवहारात एक नियम मान्य झाला : आवर्तन सुटले की भिजवण टेलकडून सुरू करावी आणि मुखाकडे सरकत यावे. मुखाशी बसलेल्याला नियमाची गरज नसते. नियम लागतो तो टेलसाठी. तो पाळला जातो की नाही हा भाग निराळा. निदान नियम आहे, आणि तो मोडला गेला तर मोडला म्हणून कालवा समितीत भांडता तरी येते.

कर्करोगाच्या उपचाराच्या बाबतीत असा नियमच कोणी केलेला नाही.

उपचाराचाही एक कालवा आहे. त्याचे मुख मुंबईत परळला आहे. १९४१ साली टाटा विश्वस्त निधीने उभारलेले आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेले टाटा स्मारक रुग्णालय हे ते मुख. ग्रामीण महाराष्ट्रात ‘त्याला टाटाला नेला’ एवढे म्हटले की रोगाचे नाव वेगळे घ्यावे लागत नाही. कालव्याचा मधला टप्पा पुण्यात आहे. तेथे मोठमोठी रुग्णालये आहेत, यंत्रे आहेत, आणि पैसा असेल त्याच्यासाठी सर्व काही आहे. नंतर हा कालवा पुणे-सोलापूर मार्गाने हडपसर, यवत, भिगवण करीत इंदापूरकडे येतो, आणि येता येता आटतो. वाटेत बारामतीचा फाटा लागतो. बारामतीला विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय तर फार जुने आहे. बारामती म्हणजे विकासाचा नमुना, असे देशभर सांगितले जाते आणि पाहुण्यांना आणून दाखवलेही जाते. त्या नमुन्यात खरे काहीच नाही, असे म्हणणे हा निव्वळ आकस ठरेल. परंतु नमुना म्हणून जे दाखवले जाते त्याची परीक्षाही नमुन्यासारखीच व्हावयास हवी. सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायत पट्ट्यातील किंवा इंदापूरच्या कोरड्या भागातील एखाद्या शेतमजूर स्त्रीला उद्या गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, तर हा विकास तिच्या घरापर्यंत किती दिवसांत पोहोचतो, हीच ती परीक्षा.

समजा, इंदापूर तालुक्यातील अशा एका चाळिशीच्या स्त्रीला अंगावरून लाल जाऊ लागले. ती ते महिनोन्‌महिने अंगावर काढते. कारण सांगायचे कोणाला, आणि सांगून रोज कोण बुडवणार? पुढे गावातला खासगी डॉक्टर दोन वेळा गोळ्या देतो. तिसऱ्या वेळी तालुक्याला जा म्हणतो. तालुक्याहून पुण्याला पाठवतात. पुण्यात तुकडा काढून तपासायला देतात आणि अहवालासाठी पुन्हा बोलावतात. निदान हाती येते तोवर पहिला थेंब दिसल्यापासून किती ऋतू उलटले, याची नोंद कोणत्याही सरकारी वहीत होत नाही. रोग एव्हाना गर्भाशयमुखाबाहेर पसरलेला असेल तर उपाय शस्त्रक्रियेचा राहत नाही, किरणोपचाराचा होतो. बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराच्या सर्वसाधारण क्रमात सुमारे पंचवीस मात्रा असतात : आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. आतून द्यावयाच्या किरणांच्या फेऱ्या आणि सोबतची केमोथेरपी वेगळी.

इंदापूरहून पुणे सुमारे १३५ किलोमीटर आहे. जाऊन येऊन २७०. पंचवीस दिवसांचे ६,७५० किलोमीटर झाले. पुण्याहून दोनदा दिल्लीला जाऊन आले तरी एवढे अंतर भरत नाही. एस. टी.च्या भाड्यात कर्करोग्याला सवलत आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना निम्मे भाडे आहे, हे खरे. परंतु सवलत तिकिटाला आहे. बुडालेल्या दिवसाला नाही, आणि सोबत आलेल्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या बुडालेल्या दिवसाला तर नाहीच नाही. रोज जाऊन येणे शक्य नाही म्हणून शहरात राहायचे म्हटले तर खोलीचे भाडे, दोन माणसांचे जेवण, मागे राहिलेल्या शेळ्या-म्हशी आणि शाळेतून काढून घरी बसवलेली मोठी मुलगी. रुग्णालयाच्या बिलात यांतले एकही कलम नसते. मुंबईला गेलेल्यांसाठी दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिने असंख्य कुटुंबांना छप्पर दिले. तिच्या दारी ज्यांचा क्रमांक लागत नाही ते परळच्या पदपथावर पथारी टाकतात. ज्या राज्याचा कर्करोगोपचार एका संताच्या नावाने चाललेल्या धर्मशाळेवर आणि पदपथावर उभा आहे, त्या राज्याने स्वतःला कल्याणकारी म्हणवून घेताना थोडे अडखळावयास हवे.

किरणोपचार अर्धवट सोडला तर रोग बरा होण्याची शक्यता घटते, हे वैद्यकशास्त्रातले अगदी प्राथमिक ज्ञान आहे. तरीही उपचार मध्येच सोडून रुग्ण गावी परत आला की कागदावर शेरा पडतो : ‘रुग्ण उपचारास आला नाही.’ दोष रुग्णाच्या नावावर मांडून व्यवस्था मोकळी होते. टेलच्या शेतकऱ्याने पाणी घेतले नाही, असा शेरा पाटकऱ्याने मारावा त्यातलाच हा प्रकार.

तोंडाच्या कर्करोगाचीही गोष्ट याहून वेगळी नाही. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत पुरुषाच्या गालात तंबाखू आणि स्त्रीच्या हिरड्यांना मिश्री, हा पिढीजात परिपाठ. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. पानटपरीच्या फळीखालून तो कसा मिळत राहिला हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बारामतीचे नेते शरद पवार यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, त्यांनी धैर्याने त्या व्याधीवर मात केली, पुढे दोन दशके राजकारण केले आणि तंबाखूविरुद्ध ते जाहीरपणे बोललेही. त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांना मात्र याच रोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ओढून नेले; म्हणजे रोग पद पाहत नाही हेही खरे. प्रश्न एवढाच आहे, की पवारांना जी संधी मिळाली ती त्यांच्याच मतदारसंघात त्यांना वर्षानुवर्षे मते देणाऱ्या गड्याला का मिळू नये? मालकाच्या गालातील पांढरा चट्टा आणि त्याच्या गड्याच्या गालातील पांढरा चट्टा यांत शास्त्राला काही फरक दिसत नाही. फरक पडतो तो चट्टा कोणी, केव्हा पाहिला यात.

येथे सरकारपक्षाचे उत्तर तयार असते : योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे राज्यभर गेली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबामागे दीड लाखाचे असलेले संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि पिवळी-केशरीच नव्हे तर सर्व शिधापत्रिकाधारकांना ते देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. या योजनेमुळे अनेक कुटुंबांचे जमिनीचे तुकडे सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि डाव्या चळवळीने तो अप्रामाणिकपणा करू नये. परंतु या योजनेचे अर्थशास्त्र कार्यकर्त्यांनी नीट समजावून घेतले पाहिजे. ती मागणीच्या बाजूला पैसा पुरवते. पुरवठा मात्र जेथे आहे तेथेच सोडते. रुग्णाच्या हातात कार्ड आले म्हणून इंदापुरात यंत्र येत नाही. उलट, पैसा कार्डामागे धावतो आणि कार्ड यंत्रामागे धावते. यंत्र शहरात आहे, म्हणून सरकारी तिजोरीतला पैसा पुन्हा शहरातील रुग्णालयांकडेच वाहतो. शिवाय योजनेची किल्ली निदानानंतर फिरते. ‘तुला कर्करोग आहे’ हे कागदावर सिद्ध झाले की संरक्षण सुरू. तो आहे की नाही हे शोधण्याच्या वाटेवरची पायपीट, गोळ्या, सोनोग्राफ्या आणि तोवर वाया गेलेले महिने हा सगळा खर्च गरिबाने स्वतःच्या खिशातून करावयाचा. आजार वाढून खर्चिक झाला की शासन उदार होते. स्वस्तात बरा होण्याजोगा असतो तेव्हा त्याचा पत्ता नसतो. कोणताही शहाणा शेतकरी पिकाची अशी राखण करणार नाही.

वेल्समधील कोळसा खाणीच्या गावात आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या समाजवादी वैद्याने १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक सिद्धान्त मांडला होता. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि वैद्यक जितके बाजाराच्या हाती जाईल तितके हे व्यस्त प्रमाण तीव्र होते, असा त्याचा आशय. भोर समितीने तर १९४६ सालीच सांगून ठेवले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचाराला मुकता कामा नये. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम सत्तरीच्या दशकाच्या मध्यास आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. वचनांच्या या मालिकेत आणखी नावे घालता येतील, पण त्यात फार वेळ दवडण्यात अर्थ नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती इंदापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर घडलेली आहे.

इंदापूरहून टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे बार्शीला जाता येते. त्या गावात डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे केले. मुंबई नव्हे, पुणे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी तेथेच सुरू झाली. गावोगाव जाऊन, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलून तेथील कार्यकर्त्यांनी असे दाखवून दिले, की नुसती जाणीव वाढली तरी स्त्रिया आधीच्या अवस्थेत तपासणीस येऊ लागतात. खेड्यातली बाई लाजते, घाबरते, अडाणी आहे म्हणून उशिरा येते, हा जो शहरी विद्वानांचा लाडका समज, त्याला बार्शीने कधीच उत्तर दिलेले आहे.

त्याच भूमीत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ साली एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. परदेशी निधीवर चाललेल्या या अभ्यासात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांची नोंद झाली. त्यांचे चार गट पाडले गेले. एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असणाऱ्या विषाणूसाठी, म्हणजे एचपीव्हीसाठी, आयुष्यात फक्त एकदा चाचणी झाली. दुसऱ्या दोन गटांच्या इतर प्रकारच्या तपासण्या झाल्या. चौथा गट तुलनेसाठी होता. त्याला नेहमीचीच सेवा मिळत राहिली. या जिल्ह्यात ‘नेहमीची सेवा’ याचा अर्थ बहुतांशी कोणतीच तपासणी नाही, असा होता. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. एकाच चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

या चौसष्ट स्त्रियांविषयी पुढे नीतिशास्त्राच्या अभ्यासकांत बराच वाद झाला. ज्यांना तपासणी देणे शक्य होते त्यांना तुलनेसाठी तशीच ठेवणे न्याय्य होते काय, असा तो वाद. त्याचा निकाल कोणी कसाही लावो. परंतु या स्त्रियांच्या देहांवर जे ज्ञान सिद्ध झाले ते जगभर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूचाचणी हीच प्राथमिक तपासणी मानावी अशी शिफारस केली. म्हणजे धाराशिवच्या शेतमजूर बाईमुळे परदेशातल्या बाईचा जीव अधिक खात्रीने वाचणार. आणि खुद्द महाराष्ट्रात? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांच्या आसपास निघाल्या. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आजही त्या चौथ्या गटातच आहेत, म्हटले तर त्यात अतिशयोक्ती कोठे आहे? आणि या वेळी कोणी अभ्यासही करीत नाही.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्याने ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी करावयाच्या तपासणीवर भिस्त ठेवली. ती पद्धत टाकाऊ आहे असे नाही. मुंबईच्या वस्त्यांतील दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात तिने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. उस्मानाबादच्या अभ्यासात मात्र तिचा तसा ठोस परिणाम दिसला नाही. विषाणूचाचणीचा नमुना तर बाई स्वतःच, कोणापुढे पडदा न सोडता, घेऊ शकते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी आणि पुढे करोनाच्या काळात सरकारी प्रयोगशाळांत जी जनुकीय चाचणीची यंत्रे आली, त्यांतल्या काहींवर ही चाचणी चालते. म्हणजे शास्त्र आहे, यंत्र आहे, आशा कार्यकर्ती दारोदार फिरतेच आहे. या तिन्हींना जोडणारा निर्णय तेवढा नाही. पुण्याच्या सीरम संस्थेने बनवलेली देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली, हे आनंदाचेच आहे. पण ती उद्याच्या मुलींसाठी. जिने आज तिशी ओलांडली आहे तिचा जीव लसीने नव्हे, तपासणीने वाचावयाचा आहे.

आता फडाकडे वळू. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली. एक दिवस चुकला की खाडा. या बाईला मासिक पाळीचा दिवसही परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या गेल्याचे उघडकीला आले, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल’ अशी भीती आपल्याला घातली गेली, असे यांतल्या अनेकींनी सांगितले आहे.

या एका वाक्यात सारी व्यवस्था सामावलेली आहे. कर्करोगाची चाचणी ऊसतोड बाईपर्यंत पोहोचली नाही. कर्करोगाचे भय मात्र पोहोचले, कारण भयाला गिऱ्हाईक आहे. चाचणीत कोणाला नफा नाही म्हणून ती कोणी केली नाही. शस्त्रक्रियेत नफा आहे म्हणून गरज नसताना ती हजारोंवर झाली, आणि तिचे पैसे मुकादमाच्या उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामाच्या श्रमातून फेडले गेले. एकीकडे उपचाराचा दुष्काळ आणि दुसरीकडे अनावश्यक उपचाराचा महापूर, आणि दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला! बाजार गरिबाकडे दुर्लक्ष करतो असे जे म्हणतात, त्यांनी बीडला जाऊन यावे. बाजार गरिबाकडे अगदी बारकाईने पाहतो.

यावर सत्ताधाऱ्यांचा आणि साखर कारखान्यांच्या संचालकांचा आवडता उपाय आहे शिबीर. नेत्याचा वाढदिवस आला की फलक लागतात, मांडव पडतो, पुण्याहून डॉक्टर येतात, शेकडो लोकांच्या तोंडात विजेरी धरली जाते, फोटो निघतात आणि संध्याकाळी मांडव उतरतो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी याच वाटेने जाते. तेव्हाही मुक्कामाच्या गावी चार दिवस दवाखान्यांचे तंबू असतात. वारकऱ्यांच्या फोडांना मलम लावण्यासाठी तंबू पुरतात आणि ते लावणाऱ्यांचे पुण्यही मोठे आहे. पण कर्करोग हा पालखीबरोबर निघून जाणारा आजार नाही. शिबिरात ज्याच्या गालात चट्टा सापडला त्याचा तुकडा कोणी काढला, अहवाल कोणी आणला, तो किरणोपचाराला पोहोचला काय, याचा जाब शिबीर भरवणाऱ्याला कोणी विचारीत नाही. तपासून सोडून देणे हे न तपासण्याहून क्रूर आहे. कारण त्या माणसाला आता रोगही आहे आणि त्याची वार्ताही आहे.

३० सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कर्करोगाच्या उपचारासाठी तीन स्तरांची, अठरा रुग्णालयांची रचना मंजूर केली. तिच्या तिसऱ्या स्तरात बारामतीचे नाव आहे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु आवर्तन जाहीर झाले म्हणजे चारीत पाणी आले असे टेलचा शेतकरी मानत नाही, आणि कार्यकर्त्यांनीही मानू नये. बारामतीला केवळ एक देखणी इमारत उठली, कोनशिला बसली, आणि यंत्र चालवण्याचे काम खासगी कंत्राटदाराकडे गेले, तर इंदापूरच्या बाईचे १३५ किलोमीटर पन्नासावर येतील एवढेच. मागणी स्पष्ट असली पाहिजे. किरणोपचाराचे यंत्र शासकीय महाविद्यालयाच्या मालकीचे आणि त्याच्याच पगारी माणसांच्या हाती असावे. शेजारी रुग्ण आणि सोबती यांना पाच आठवडे राहता येईल असे निवासस्थान असावे. उपचाराच्या दिवसांचा बुडालेला रोज योजनेतून मिळावा. आणि या सगळ्याच्या आधी, यंत्राची निविदा निघण्याच्याही आधी, टेलकडून सुरुवात व्हावी : इंदापूर आणि बारामतीच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीवरील प्रत्येक स्त्रीची विषाणूचाचणी, आणि तंबाखू-मिश्री खाणाऱ्या प्रत्येकाची तोंडतपासणी. उपकेंद्रांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नवे फलक लागले आहेत. मंदिर म्हटले की लोक हात जोडून बाहेर उभे राहतात; येथे त्यांना आत घ्यावयाचे आहे.

ज्यांचे बरे होणे आता शक्य नाही त्यांनाही येथे विसरता येत नाही. हा देश अफू पिकवतो, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे याच देशातील कर्करोगी मॉर्फीनअभावी दशकानुदशके तळमळत मेले. २०१४ साली कायदा सैल झाला. केरळने त्याच्याही आधी, २००८ साली, वेदनाशामक सेवेचे धोरण आखून ती खेड्यापर्यंत नेली होती. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फीनची गोळी का मिळू नये, याला पैशाचे कारण देता येणार नाही. ती महाग नाही.

बाकी गोष्टींना पैसा कोठून, हा प्रश्न मात्र विचारला जाणारच. तो विचारणाऱ्यांना साधी त्रैराशिके येत असावीत. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, आणि त्याला कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरलेले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे एका हंगामात एक कोटी होतात. या दोन तालुक्यांत कारखाने एक-दोन नाहीत : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, शिवाय खासगी वेगळे. फडात उतरणाऱ्या प्रत्येक स्त्रीची तपासणी हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात या पैशांतून होऊ शकते. आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, एवढी अट घालण्याला तर एक पैसाही लागत नाही. सहकारी कारखाना हा सभासदांचा आहे असे दर निवडणुकीत सांगितले जाते. धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी सहकाराची जी कल्पना मांडली तीत कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन व्हावे आणि तो तोडणाऱ्या बाईचे मोल शून्य ठरावे, असे कोठेही नव्हते.

कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात भरतात. अहवालवाचन, पाहुण्यांचा सत्कार, दरावरून गोंधळ आणि ‘मंजूर, मंजूर’ एवढ्यात त्या आटोपतात. या सभांना पक्षाचे जे सभासद-शेतकरी हजर राहतात त्यांनी पुढील सभेच्या आधी रीतसर मुदतीत लेखी सूचना द्यावी : कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयमुखाची आणि तोंडाची तपासणी, निदान झालेल्या प्रत्येकीचा उपचार संपेपर्यंत पाठपुरावा, आणि या दोहोंचा हिशेब पुढच्या वार्षिक अहवालात. एकाने सूचक व्हावे, एकाने अनुमोदन द्यावे. गावोगावच्या ग्रामसभांत आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन दुसरा ठराव व्हावा, की गेल्या वर्षभरात गावात कर्करोगाचे किती रुग्ण आढळले, पहिली तक्रार आणि निदान यांत प्रत्येकाचे किती दिवस गेले, आणि किती जणांनी उपचार अर्ध्यावर सोडला, याची नोंद नावे न लिहिता ठेवली जाईल. कारखान्याच्या सभेत ठराव फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक. तरी तो इतिवृत्तात येईल, फेटाळणाऱ्यांची नावे येतील, आणि पुढच्या सप्टेंबरात ग्रामसभेची वही हातात घेऊन तोच ठराव पुन्हा मांडता येईल.